मोटिव्हेशनल सेमिनार आणि मुंबईकरांचा अविश्वास : पार्श्वभूमी

मराठी माणूस संशय घेत बसतो म्हणून मागे राहतो, असं सेमिनारच्या व्यासपीठावरून हमखास ऐकू येतं. मुंबईच्या मराठी घरांत मोटिव्हेशनल स्पीकरविषयी अविश्वास आहे हे खरं, पण तो ऐकण्याच्या कंटाळ्यातून आलेला नाही. पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवात भाषणं होऊ लागली आणि गिरगाव, दादर, पार्ल्याने ती सवय पिढ्यान्‌पिढ्या जपली. वक्ता यायचा, दीड तास बोलायचा, श्रीफळ आणि मानधनाचं पाकीट घेऊन जायचा. ऐकणाऱ्याला काही विकत घ्यावं लागत नसे. सेमिनारच्या हॉलमध्ये मात्र बाहेर पडायच्या दाराशी नोंदणीचं टेबल असतं. अविश्वास सुरू होतो तो या टेबलापाशी.

टेबल आलं नव्वदच्या दशकात. १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची पडझड इथे पुन्हा सांगायला नको. १९९१ नंतर कारखाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातूनही हलू लागले आणि 'पर्मनंट' या शब्दाचं वजन उतरलं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभरातून सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. डोंबिवली, मुलुंड, बोरिवलीच्या कितीतरी घरांत एकाच वेळी एकरकमी पैसा आला आणि पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस सकाळी ८.१२ ची लोकल न पकडता घरी बसला.

याच सुमारास, १९९८ मध्ये, एका अमेरिकी कंपनीने भारतात साखळी पद्धतीने विक्री सुरू केली आणि मागोमाग देशी 'चेन' उभ्या राहिल्या. जुना सहकारी 'एका कार्यक्रमाला चल' एवढंच सांगून न्यायचा. कार्यक्रम कसला, ते हॉलमध्ये कळायचं. टाय लावलेला माणूस विचारायचा, तुमचं स्वप्न काय? हव्या त्या गाडीचं चित्र कपाटाला चिकटवायला सांगायचा. साबण आणि पावडरींसोबत कॅसेट, पुढे सीडी, आणि लोणावळ्याच्या शिबिराची फी. माल खपला नाही, खाली माणसं जोडली गेली नाहीत, की अपलाइनचं, म्हणजे साखळीत आपल्याला आणणाऱ्या वरच्या माणसाचं, उत्तर ठरलेलं असे: तुमचा स्वतःवर विश्वास कमी पडला.

मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत गंभीर नुकसान हेच वाटतं. बँकेने किंवा गिरणीने घरी बसवलेल्या माणसाला सांगितलं गेलं की अडचण त्याच्या 'माइंडसेट'मध्ये आहे. आमच्या घरातही स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा असा गेला. वडिलांनी त्या मंडळींना कधी दोष दिला नाही. 'मीच कमी पडलो' हेच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. अशा माणसाची तक्रार कुठल्याच ग्राहक मंचापर्यंत पोचत नाही, आणि तक्रारी नाहीत हा मग आयोजकांचा पुरावा होतो.

कायदा मागून आला. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ पासून होता. २००७ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने साखळी विक्रीला तो लागू होऊ शकतो असं म्हटलं. २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पिरॅमिड योजनांना, म्हणजे नवी माणसं जोडण्यावरच कमाई उभी असलेल्या योजनांना, मनाई करणारे ग्राहक संरक्षणाचे नियम आले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये.

सभांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली: शास्त्राच्या नावाने फिरणारे आकडे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात आजही सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के. हा आकडा १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. त्यांत सुट्या शब्दांतून, आवाजातून आणि चेहऱ्यावरून आवड-नावड कशी ओळखली जाते एवढंच तपासलं होतं, आणि तो सगळ्या संवादाला लावू नका, असं संशोधकाने स्वतः सांगितलं आहे. येल विद्यापीठात १९५३ साली ध्येय लिहून ठेवणारे ३ टक्के विद्यार्थी पुढे बाकी सर्वांपेक्षा श्रीमंत झाले, ही गोष्ट तर घडलीच नाही. शोध घेऊनही त्या विद्यापीठाला असा अभ्यास सापडला नाही. २१ दिवसांत सवय लागते, हे १९६० मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणाचं ताणलेलं रूप आहे. लंडनमधल्या पुढच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. शिबिरात भरून घेतलेल्या फॉर्मवरून काढलेलं विश्लेषण 'अगदी माझंच वर्णन करतं' असं वाटतं, त्याचंही उत्तर १९४८ मध्ये मिळालं होतं. एका प्राध्यापकाने सगळ्या विद्यार्थ्यांना एकच मजकूर त्यांचं स्वतंत्र विश्लेषण म्हणून दिला आणि त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

आता मुख्य गुंता, आणि तो नावाचा आहे. या व्यवसायाला म्हणायचं काय?

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीतल्या ठरावीक कृत्यांना लागू होतो. त्यांत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आहे. त्याच दशकात मुंबई-ठाण्यात 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे, म्हणजे मुलाचा मध्यमेंदू जागा करून देण्याचे, वर्ग निघाले. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल रंग ओळखतं, पुस्तक वाचतं, असं पालकांना दाखवायचं आणि हजारो रुपये घ्यायचे. मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असतं आणि ती फट बुजवली की वाचन थांबतं, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं. खरा मध्यमेंदू तर प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो. पण आयोजक याला चमत्कार म्हणत नव्हते. ते म्हणत होते प्रशिक्षण. चमत्काराचा दावाच नाही, तर त्या कलमात बसवायचं कसं?

उलट बाजूने 'कोच' हा शब्द घ्या. शिवाजी पार्कला कोच म्हणजे नेटमागे उभं राहून बॅटचा कोन दुरुस्त करणारा माणूस. त्याचं काम सामन्यात दिसतं. मग कोचिंग क्लास आले, त्यांचं काम निकालात दिसतं. लाइफ कोचचं काम कशात दिसतं, हे ठरवण्याची सोय नाही, पण आधीच्या दोघांची पत त्या शब्दासोबत त्याला आपोआप मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांच्या व्याख्येत मार्गदर्शन, सूचना, शिकवणी आणि तत्सम सगळं येतं; समुपदेशन, खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळले आहेत. शिवाय कोचिंग सेंटर म्हणजे ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारं केंद्र.

समुपदेशन वगळण्याचा निर्णय वादाचा आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, समुपदेशकाचं काम गोपनीय, एकेका माणसासोबतचं. त्याला टॉपरचे फोटो छापणाऱ्या क्लासच्या मापाने मोजू नये. हे मला पटतं. पण समुपदेशकांच्या काही वर्गांचा उल्लेख २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात आहे, मानसिक आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या २०१७ च्या कायद्यात आहे, आणि लाइफ कोच या दोन्हीकडे नाही. म्हणजे जो माणूस तीनशे जणांच्या हॉलमध्ये माइकवरून एखादीला तिच्या बालपणीच्या दुःखाविषयी बोलायला लावतो, तो जाहिरातीच्या प्रश्नावर 'हे समुपदेशन' म्हणू शकतो आणि पात्रतेच्या प्रश्नावर 'हे फक्त कोचिंग'. ती बाई घरी गेल्यावर रात्री तिच्यासोबत कोण असतं? २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका आत्मविकास शिबिरात तापवलेल्या तंबूत ३ जण दगावले आणि २०११ मध्ये आयोजक दोषी ठरला. तिथेही सहभागींनी कागदांवर स्वेच्छेने सह्या केल्या होत्या.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे आणि तो कुठल्याही सेवेला लागू होतो. पण 'आयुष्य बदलेल' हा दावा खोटा ठरवायचा कसा?

महासाथीनंतर हॉलची गरज उरली नाही. ९९ रुपयांचा वेबिनार, त्याच्या शेवटी हजारोंचा कोर्स, त्यानंतर 'मेंटॉरशिप'. दाराशी असलेलं टेबल आता स्क्रीनवर उलट्या मोजणीच्या घड्याळासह येतं. यातली बरीच गर्दी शेअर बाजाराकडे वळली, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजार नियामकाने, म्हणजे सेबीने, जानेवारी २०२५ मध्ये मर्यादा घातली: केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत. इथे निदान मोजता येईल अशी रेघ ओढली गेली. त्यानंतरही 'ट्रेडिंग सायकॉलॉजी' नावाचे वर्ग भरतात. मानसिकता शिकवायला बाजारभाव लागत नाहीत.