ढोकळ्यावर कुंकू सांडलं का गं?

पहिल्यांदा खमण ढोकळा केला तेव्हा फुगला एकदम मस्त, पण वड्या पाडायला घेतल्या तर आत ठिकठिकाणी लालभडक ठिपके. आत्या आली होती, तिने ताटात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "कुंकू सांडलं का गं पिठात?" सगळे हसले, मीपण हसले, पण मनात धाकधूक की बेसनात काही भेसळ तर नाही ना, वाण्याकडे जाऊन भांडायचीसुद्धा तयारी झाली होती. वाण्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आणि आत्या जे गमतीत बोलली ते केमिस्ट्रीच्या हिशोबाने जवळजवळ बरोबर होतं.

हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. शाळेत प्रयोगवहीत लिहिलेलं आठवत असेल, हळद हा नैसर्गिक दर्शक. ॲसिडमध्ये पिवळी राहते, अल्कलाइन (ॲसिडच्या उलट) काही लागलं, म्हणजे पीएच, हे ॲसिड-अल्कलीचं माप, साधारण ८ च्या वर गेला की लाल-तपकिरी होते. हळदीत चुना कालवला की लाल, पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल (आणि आपण घाबरून अजून साबण घासतो), आणि पारंपरिक कुंकू पण हळदीपासूनच. म्हणजे माझ्या ढोकळ्यात खरोखरच थोडं कुंकू तयार झालं होतं, चुन्याऐवजी खायच्या सोड्याने.

आता गंमत अशी की कच्च्या पिठात हे दिसलं नव्हतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पाण्यात विरघळला तर त्याचा पीएच फार तर ८.३ च्या आसपास, हळद जेमतेम बिचकते. पण जो सोडा ॲसिड न मिळता तसाच शिल्लक राहतो तो वाफेच्या उष्णतेने फुटतो, त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड निघतो, थोडं पाणी, आणि मागे राहतं सोडियम कार्बोनेट. ते म्हणजे धुण्याचा सोडा! तो चांगलाच अल्कलाइन असतो, हळद लगेच लाल. सोडा जास्त झाल्यावर जिभेवर जी साबणासारखी चव येते ना, ती यालाच. आणि ठिपके का, सगळा ढोकळा लाल का नाही, तर माझ्या सोड्याच्या गुठळ्या नीट मोडल्या नव्हत्या, जिथे गुठळी तिथे ठिपका.

मग सोडा शिल्लक का राहिला? इथे मी चक्क आकडेमोड करायला बसले. एक सपाट चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्याला पुरेसं ॲसिड मिळालं तर त्यातून सव्वा ते दीड लिटर गॅस निघतो, म्हणजे पाण्याची मोठी बाटली भरेल एवढा, एका चमच्यातून! पण तेवढ्या सोड्याला पुरं पडायला जवळजवळ पावणेचार ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं, आणि लिंबाच्या रसात ते असतं ५-६ टक्के. म्हणजे आपली नेहमीची तीन-चार रसरशीत लिंबं. मी घातलं होतं अर्धं लिंबू. दह्याचं तर अजून कमी, वाटीभर दह्यातलं लॅक्टिक ॲसिड कसंबसं पाव-अर्धा चमचा सोडा सांभाळतं, त्यामुळे "दही घातलंय की, मग चमचाभर सोडा चालेल" हे गणित चुकतं. अंदाजपंचे स्वयंपाक करणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना हे पटायला जड जातं, पण पाव चमचा सोडा आणि एक आख्खं लिंबू, एवढ्यातही ढोकळा बऱ्यापैकी फुगतो.

इनो घातलं की ठिपके का पडत नाहीत याचं उत्तर पाकिटावरच छापलेलं असतं. स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्लम् अशी भारदस्त नावं दिसतील, ती म्हणजे खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. ५ ग्रॅमच्या साध्या पाकिटात २.२९ ग्रॅम सोडा आणि २.७१ ग्रॅम ॲसिड, म्हणजे ॲसिड गरजेपेक्षा बरंच जास्त, सोडा शिल्लक राहायला जागाच नाही. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली इनो नावाच्या औषधविक्रेत्याने १९व्या शतकात पोटासाठी काढलेली ही पावडर आपण कढईत नेऊन बसवली. पण त्यातला गॅस पाण्याचा थेंब लागला रे लागला की सुटतो. म्हणून आधी पाणी उकळायला ठेवायचं, ताटलीला तेल लावून ठेवायचं, सगळ्यात शेवटी इनो, चार-पाच हात मारले की ताटली आत. वाफेत पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, बेसनातलं प्रोटीन घट्ट होतं आणि बुडबुडे आहेत तिथे अडकतात. तेवढ्यात फोन आला आणि पीठ दहा मिनिटं तसंच राहिलं तर बुडबुडे वर येऊन फुटून गेलेले असतात आणि मग पदरी पडतो बेसनाचा साबणवडीसारखा गठ्ठा. "एकाच दिशेने फेटा" हा सल्ला मात्र मला उगाचच वाटतो, बुडबुड्यांना दिशा कळत नाही, जास्त फेटू नका एवढंच खरं.

बेकिंग पावडर ही याच घराण्यातली, फक्त जरा समजूतदार. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती केली, कारण त्यांच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. सोडा, कोरडं ॲसिड आणि दमटपणा शोषायला मक्याचा स्टार्च (कॉर्नफ्लोअर). आता बऱ्याच पावडरींमध्ये दोन ॲसिडं असतात, एक थंड मिश्रणातच कामाला लागतं, दुसरं ओव्हनची आच लागल्यावर, त्यामुळे केकचं भांडं आत जायला पाच मिनिटं उशीर झाला तरी फार बिघडत नाही. पण स्टार्च आणि ॲसिडमुळे त्यात सोडा कमी असतो, म्हणून एक चमचा सोड्याच्या जागी तीन चमचे पावडर लागते, आणि उलटं केलं, म्हणजे पावडर संपली म्हणून तेवढाच सोडा ढकलला, तर केक आतून तपकिरी आणि चवीला साबण. हेही मी केलंय.

सोडा फुगवण्यापलीकडे पण उद्योग करतो. भज्यांच्या पिठात पडला की भजी पटकन तांबूस होतात कारण अल्कलाइन पिठात प्रोटीन आणि साखरेची ती खमंग रंग आणणारी रिॲक्शन जोरात चालते, पण भज्यांना जाळी पडते आणि तेलही जास्त पितात. माझी आई सोड्याऐवजी कडकडीत तेलाचं मोहन घालते आणि त्या कुरकुरीतपणाला तोड नाही. छोले भिजवताना चिमूटभर सोडा टाकला तर सालातलं पेक्टिन सैल होऊन दाणे लवकर शिजतात, बोअरवेलच्या जड पाण्यात तर नक्कीच फरक कळतो. पण बी१ जीवनसत्त्व अल्कलाइन पाण्यात टिकत नाही, तेव्हा रोज नको.

आणि सोडा म्हणजे काही परदेशी प्रकरण नाही बरं का. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर खाऱ्या सोड्याचंच पाणी आहे, उल्का आपटून झालेलं, त्याचा पीएच १० च्या आसपास. तिथला खार पूर्वी गोळा करून विकला जायचा, काच आणि साबण करायला लागणाऱ्या तिथल्या गोष्टींचा उल्लेख थेट अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात आहे. लाल ठिपके बघायचे असतील तर तिथल्या काठावर चिमूटभर हळद घेऊन जा.

त्या दिवशीचा ढोकळा मी टाकला नाही. मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी केली, त्यात पाणी, साखर आणि या वेळी दोन लिंबं पिळून सगळं वरून ओतलं आणि डबा बंद करून ठेवला. करक्युमिनचा रंग उलटा फिरतो, ॲसिड मिळालं की परत पिवळा. सकाळी डबा उघडला तर ठिपके शोधावे लागत होते, आणि आत्याने न्याहारीला चार वड्या खाल्ल्या.