पाटा वाढवण्याआधी पाटा मोकळा करा

जुनी फियाट मागून बसली, खड्ड्यात आपटायला लागली, वळणावर कलायला लागली, की मुंबईतल्या गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो: "साहेब, एक पाटा वाढवून टाका." पाटा म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमधली एक लांब पोलादी पट्टी. अशा पट्ट्यांच्या थरात आणखी एक घालायची. काम स्वस्तात होतं, अर्ध्या दिवसात उरकतं आणि गाडी लगेच उंच दिसते. माझं मत उलटं आहे. बेताच्या पैशात सस्पेन्शन सुधारायचं असेल, तर या कामाचा नंबर अगदी शेवटी लागला पाहिजे, आणि बहुतेक गाड्यांना तो लागूच नये.

फियाट ११०० ही मुंबईची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९६४ पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशी तिची नावं बदलत गेली. खालची मांडणी मात्र तीच राहिली. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल, म्हणजे वेटोळ्याची, स्प्रिंग आणि दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरखाली दोन हात. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल आणि त्यावर पाट्यांचे दोन संच. पुढची रचना त्या काळच्या मानाने खरोखर चांगली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, त्यामुळे आता उरल्या त्या लोकांनी हौसेने जपलेल्या खासगी गाड्या. ॲम्बॅसडरला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सळई असते. मागे तिलाही पाटेच, तेव्हा इथलं बरंचसं तिच्या मालकांच्याही कामाचं आहे.

स्प्रिंगवर ठेवलेली कुठलीही वस्तू स्वतःच्या एका ठरावीक लयीत वरखाली होते. ही लय दोनच गोष्टींवर ठरते: स्प्रिंग किती कडक आहे आणि तिच्यावर किती वजन आहे. मोटारीत ती सेकंदाला एक ते दीड आवर्तनांच्या, म्हणजे एक ते दीड हर्ट्झच्या आसपास असली, की प्रवास सुखाचा वाटतो. अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेली तर बोट लागल्यासारखं मळमळतं. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या धक्क्यांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं ते चार ते आठ हर्ट्झच्या पट्ट्यात. पोट, छाती, पाठीचा कणा हे सगळं त्या पट्ट्यात धक्का कमी करण्याऐवजी वाढवून घेतं. हा चार ते आठचा आकडा लक्षात ठेवा, कारण साऱ्या गोष्टीचं मर्म त्यात आहे.

आपल्या गाडीची मागची लय एक पैसा न खर्चता मोजता येते. सपाट जागी गाडी उभी करा, मागून दोन-चारदा दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर येईल असं ओळखीचं वजन ठेवा. सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या चालतील. समजा या १५० किलोंनी गाडी ४ सेंटिमीटर बसली, आणि मागच्या स्प्रिंगांवर गाडीचं स्वतःचं वजन ४०० किलोंच्या आसपास आहे. म्हणजे त्या ४०० किलोंखाली स्प्रिंग १०.७ सेंटिमीटर दबलेली आहे. या आकड्याचं वर्गमूळ काढून त्याने ५ ला भागलं, की लय निघते: साधारण १.५ हर्ट्झ. हे फार चांगलं उत्तर आहे. अशा गाडीला पाटा वाढवायची गरजच नाही.

पण या प्रयोगाचा खरा मोलाचा भाग पुढे आहे. गोण्या अलगद उतरवा आणि गाडीला धक्का न देता पुन्हा मोजा. गाडी पहिल्या उंचीवर परत आली नाही, एक-दोन सेंटिमीटर खालीच राहिली, तर पाटे एकमेकांना धरून बसले आहेत.

पाट्यांचा संच वाकतो तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावरून थोडा घसरावा लागतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्या फटींमध्ये गंज चढतो, वर चिखल सुकतो. घर्षणाचा स्वभाव असा, की एका मर्यादेपलीकडे जोर लागल्याशिवाय ते जागचं हलू देत नाही. मोठ्या खड्ड्यात हा जोर लागतो आणि पाटे हलतात. पेव्हर ब्लॉकच्या कडा, डांबराची ठिगळं, काँक्रीटचे सांधे अशा बारीक धक्क्यांना तो लागत नाही, आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. मग गाडी कशावर उसळते? फक्त टायरांवर. लहान मोटारीच्या टायरचा कडकपणा आणि त्यावरचं वजन यांचा हिशेब मांडला, तर ही लय साडेचार हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे नेमकी शरीराला सर्वांत त्रासदायक पट्ट्यात. टायरमध्ये ही उसळी शमवणारंही फारसं काही नसतं. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर एक सांधा येतो. ताशी ७० किलोमीटर वेगाने सेकंदाला चारहून जास्त सांधे चाकाखालून जातात आणि त्या उसळीला दर वेळी नवा धक्का देतात. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर जुनी गाडी थडथडते आणि मालक म्हणतो शॉकअप, म्हणजे उसळी शमवणारे नळकांडे, गेले. पुष्कळदा शॉकअप धड असतात, पाटे अडकलेले असतात.

आता या संचात आणखी एक पाटा घातला तर? पाचाचे सहा झाले म्हणजे कडकपणा साधारण २० टक्के वाढला. लय कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून ती दीडवरून फार तर १.७ हर्ट्झ होईल. एवढंच असतं तर चाललंही असतं. पण घासणारी जागाही एकाने वाढली, म्हणजे मूळ दुखणं वाढवलं.

म्हणून पहिलं काम पाटे मोकळे करायचं. संच उतरवून सुटा करा, तारेच्या ब्रशने गंज काढा, प्रत्येक पाट्याच्या टोकाला झिजून पडलेली खाच घासून सपाट करा आणि ग्राफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधा. कुठे तडा दिसला तर तो पाटा बदलाच. दोन पाट्यांमध्ये नायलॉनच्या पट्ट्या घातल्या तर परिणाम जास्त टिकतो. ग्रीस रबराच्या बुशला, म्हणजे सांध्यात बसवलेल्या नळीसारख्या तुकड्याला, लागू देऊ नका, खनिज तेलाने रबर फुगतं. या कामाला मजुरी लागते, सामान जवळजवळ नाही, आणि फरक पहिल्याच रस्त्यावर कळतो.

बसलेल्या स्प्रिंगबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ती "मऊ झाली" असं म्हणतात. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा अंक वापराने बदलत नाही. वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंगचा आकार थोडा कायमचा बदलतो. कडकपणा तोच राहतो, उंची कमी होते. उंची कमी झाल्यामुळे ॲक्सल लवकर रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि आपल्याला वाटतं स्प्रिंग नरम पडली. तेव्हा उपायही उंचीचा हवा. चांगला कारागीर पाटे थंड ठोकून कमान परत आणतो. गॅसची ज्योत मारून कमान देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेलं बळ, उतरतं आणि तो पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो, नाहीतर त्याच जागी मोडतो.

पुढच्या कॉइलच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी. कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटर तारेची स्प्रिंग दुकानात दिसायला सारखीच दिसेल, पण ती जवळजवळ ३८ टक्के जास्त कडक असेल. कॉइलचा एक वेढा कापून गाडी खाली आणणारेही आहेत. आठ वेढ्यांपैकी एक कापला, की कडकपणा १४ टक्क्यांनी वाढतो आणि दबायला जागा मात्र कमी उरते. मुंबईच्या रस्त्यांवर यापेक्षा वाईट जोडी सुचणार नाही. शिवाय जास्त कडक स्प्रिंगला शॉकअपही जास्त ताकदीचा लागतो, तो खर्च कुणी धरलेला नसतो.

पुढचा भाग कडक आणि मागचा नरम असं करणं आणखी एका कारणाने चुकतं. फियाटच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २.३४ मीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने पुढचं चाक उंचवट्यावरून गेल्यावर पाव सेकंदाच्या आतच मागचं जातं. मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद असेल, तर उशिरा उसळलेला मागचा भाग पुढच्याला गाठतो, दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात आणि डुलणं लवकर थांबतं. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं, आणि मोटारींचं पुढचं सस्पेन्शन मऊ होत गेलं ते तिथून.

कॉइल घरी काढू नका. समजा मिलिमीटरला ५० न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबलेली आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा ५७ किलोंचं वजन एक मीटरवरून पडावं इतकी असते. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर आणि तो वापरायची सवय असलेला माणूस, दोन्ही हवेत.

शॉकअपचं तत्त्व पिचकारीचं: दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. वेग वाढला की विरोध वाढतो, संथ हालचालीला तो जवळजवळ नसतो. गंजलेल्या पाट्यांचं घर्षण बरोबर याच्या उलटं वागतं, म्हणून एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. पैसे कुठे खर्चायचे असतील तर इथे खर्चा. जोडीनेच बदला. कमी दाबाचा वायू भरलेले मिळाले तर घ्या, खराब रस्त्यावर तेलाला फेस येण्याचं प्रमाण त्यात कमी असतं. दुसऱ्या गाडीचे बसवायचे असतील, तर चाक पूर्ण लोंबकळताना आणि पूर्ण दबलेलं असताना अशा दोन्ही लांब्या मोजून मगच घ्या.

बुश लहान आणि स्वस्त, पण नवे घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात कोऱ्या पाकिटातलं जुनं रबर मिळतं, ते नवं नव्हे. रबर पाकिटातही म्हातारं होतं. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण बारीक थरथर आत पोचवतात, म्हणून आपल्या रस्त्यांना मी रबरच निवडेन. आणि मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: पाट्याच्या डोळ्यातले, म्हणजे टोकाच्या गोल कडीतले, बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जाड अँटीरोल बार, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांमध्ये बसवलेली पोलादी सळई, वळणावरचं कलणं कमी करतो खरा, पण तो डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही ओढतो आणि गाडी आडवी हेलकावते. ट्रॅकसाठी ठीक, शीव-पनवेल रस्त्यासाठी नाही. त्यापेक्षा जुन्या क्रॉसप्लाय टायरांच्या जागी चारही रेडियल घ्या, आणि सगळं काम झाल्यावर थोडी गाडी चालवून, स्प्रिंग जागेवर बसू देऊन मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तिथेही गाडी मूळ रूपात असावी लागते. पाटे साफ करणं, बुश आणि शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापून दुसऱ्या गाडीचं सस्पेन्शन बसवणं मात्र तुमची नोंदणीच अडचणीत आणू शकतं.

गोण्या ठेवून पुन्हा मोजा. उतरवल्यावर गाडी मूळ उंचीला येत असेल आणि लय दीडच्या आसपास असेल, तर स्प्रिंगांना हात लावू नका. पाट्यासाठी राखलेल्या पैशांत ब्रेकचे रबरी होज बदला. त्यांचं वयही बुशइतकंच झालेलं असतं.