कडक भाकरी मऊ पडली तेव्हा

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नवा कूलर घेतला आणि पहिल्याच रात्री अतिशहाणपणा केला. वरच्या मजल्यावरचे एसी लावल्यावर जे करतात तेच आम्हीही केलं. खिडक्या लावल्या, दार लावलं, दाराखालच्या फटीत जुनी सोलापुरी चादर कोंबली. गारवा बाहेर जायला नको ना! पहिला अर्धा तास खरोखर थंडगार वाटलं. रात्री दोनच्या सुमाराला धाकटी उठून बसली. ‘आई, अंगाला चिकचिक होतंय.’ उशी दमट, गादी दमट, दप्तराबाहेर राहिलेल्या वहीची पानं कडेनं वाकलेली. कूलर जोरात घोंघावत होता, गारवा मात्र नावाला नव्हता.

सकाळी सासूबाईंनी फडक्यात गुंडाळून ठेवलेली कडक भाकरी काढली. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी पापडासारखी असते, मोडली की कट्‌कन आवाज येतो. ती हातात वाकली. मोडेचना.

‘रात्री खिडकी लावली होतीस काय गं?’

‘हो, गारवा टिकावा म्हणून.’

‘मग! खोलीत पावसाळा आणून ठेवलास की.’

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण निदान अचूक होतं. कूलर आणि एसी दोन्ही गार हवा देतात म्हणून आपण त्यांना भावंडं समजतो. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरकडे उष्णता बाहेर टाकायची कसलीच सोय नाही. त्याच्याकडे असतं पाणी, गवत आणि पंखा. तो पाण्याची वाफ करतो, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच काढून घेतो.

ही उष्णता किती असते, याचा आपल्याला अंदाज नसतो. एक लिटर पाणी गॅसवर २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट उष्णता तेच पाणी न उकळता, नुसतं हवेत विरून जाताना घेतं. पाण्याचे सगळे रेणू एका वेगानं हलत नसतात. त्यातले सर्वांत चपळ रेणू पृष्ठभागावरून निसटतात, मागे मंद राहतात. वर्गातली पाच-सहा मस्तीखोर पोरं मैदानाकडे पळाली की बाकीच्या वर्गाचा गोंगाट आपोआप उतरतो, तसंच. उरलेलं पाणी गार होतं, आणि त्याला लागून वाहणारी हवाही.

पण पळायला मैदान मोकळं हवं. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर बाहेर पडलेले रेणू तितक्याच संख्येनं परत येऊ लागतात. आमच्या बंद खोलीत नेमकं हेच झालं. दोन तासांत हवा वाफेनं इतकी भरली की गवतावरचं पाणी उडेना, आणि आमच्या अंगावरचा घामही उडेना. कूलर नुसता दमट हवा गरगर फिरवत राहिला.

मोठ्याला सुट्टी लागली होती, त्याला एक प्रयोग करायला दिला. दोन साधे थर्मामीटर घेतले. एकाच्या पाऱ्याच्या टोकाला पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळली आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. दोन्ही गॅलरीत सावलीला टांगले आणि त्यांच्यासमोर टेबलफॅन लावला. दुपारी तीनला कोरडा थर्मामीटर ४१ दाखवत होता, ओला २३. त्याला वाटलं, एक बिघडलाय. अदलाबदल केली, तरी तेच. या ओल्या आकड्याच्या खाली पाण्याची वाफ करून कुठलीही गोष्ट गार होत नाही, ना माठ, ना कूलर, ना घामेजलेलं अंग. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे त्या दिवशी हवेतून काढता येण्यासारखा गारवा.

सोलापूरची खरी श्रीमंती या अंतरात आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, पण हवा सुकी असते. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या थर्मामीटरचा आकडा २४ च्या जवळपास येतो, म्हणजे अंतर १८ अंशांचं. माझी नणंद ठाण्याला असते. तिच्याकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओला आकडा २९ च्या वर, अंतर जेमतेम पाच. घरगुती कूलर त्या अंतराचा साधारण दोन तृतीयांश भाग वसूल करतो. आमच्याकडे ४२ ची हवा तो ३० वर आणून सोडतो, नणंदेकडे ३४ ची ३१ वर, तीही ओलीचिंब. ‘कूलर घेऊ नकोस, काही उपयोग होत नाही’ हा तिचा सल्ला ठाण्यापुरता शंभर टक्के खरा आहे. सल्ला गाव बदलला की बदलतो, हे मात्र आईबापांच्या गप्पांत कुणी बोलत नाही.

तर खिडकी. कूलर शक्यतो खिडकीला बाहेरून लावावा म्हणजे तो बाहेरची सुकी हवा ओढेल. आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवावी. किती उघडी, हे बघायला त्या फटीपाशी उदबत्ती धरायची. धूर सरळ बाहेर ओढला जात असेल तर बरोबर. खोलीतच घुटमळत असेल तर अजून उघडायची. आम्ही आता रात्री स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवतो. गारवा बेडरूममधून पॅसेजमार्गे तिथपर्यंत वाहत जातो आणि वाटेत हॉलमध्ये झोपलेल्या सासूबाईंनाही लागतो.

माठाचं गणित तेच आहे, फक्त तिथे पंखा नाही. भाजलेल्या मातीच्या भोकांतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला येतं आणि उडतं. माठ कोपऱ्यात, फ्रीज आणि भिंतीच्या बेचक्यात ठेवला तर त्याच्याभोवतीची हवा ओली होऊन साचते. तो तिवईवर, वाऱ्याच्या वाटेत हवा. रंगवलेले, चकचकीत माठ दिसायला छान असतात, पण रंगानं भोकं बुजलेली असतात. आणि ‘जुना माठ गार करत नाही’ ही तक्रार खोटी नाही. बोअरचं पाणी जड असलं की पाणी उडतं आणि क्षार भोकांत राहतात. माठाच्या अंगावर जी पांढरी बुरशीसारखी खपली दिसते ती बुरशी नसते, क्षार असतात. आमच्याकडे माठ दर पाडव्याला बदलतो. जुन्यात कडीपत्ता लावलाय.

मुलांच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट जरा गंभीरपणे घ्यावी लागते. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४२ ची झाली की उलटी वाहू लागते, हवेतून अंगात. तेव्हा घाम उडणं हा एकच मार्ग उरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर नुसता पंखा लावू नये, तो अंगावर गरम हवा मारून शरीर आणखी तापवतो. भर दुपारी बाळाला पंख्याखाली कोरड्या दुपट्यात लपेटून ठेवायचं आणि ‘झोपलंय शांत’ म्हणायचं, हे मी स्वतः मोठ्याच्या वेळी केलंय. लहान बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं त्वचा जास्त, त्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर तापतं. त्याची घाम गाळायची ताकदही कमी असते.

तेव्हा अशाच एका दुपारी समोरच्या घरातल्या अक्का आल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या घरातलं. त्यांनी बाळाचं दुपटं काढून टाकलं, न्हाणीतून एक टेरी टॉवेल भिजवून, घट्ट पिळून आणला आणि पाळण्याच्या कठड्यावर वाऱ्याच्या बाजूला पसरला. ‘अंगावर नको, वाऱ्यात पाहिजे,’ एवढंच म्हणाल्या. या टॉवेलकडे नंतर मी नीट पाहिलं. टेरी टॉवेलचं कापड सपाट नसतं. त्यावर सुताचे हजारो बारीक फास उभे असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढवतात. अंग पुसायला म्हणून हे फास केलेले, पण तीच रचना पाणी उडवायलाही उत्तम. ज्या गावाच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात आपण परगावाहून आलेले ‘कूलिंग टॉवेल’ विकत घेतो, याची मला गंमत वाटते. बाळगाडी झाकायची तरी कोरड्या कापडानं नव्हे. पातळ, ओल्या कापडानं, आणि हवा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवून. आणि मूल सुस्तावलं, अंग तापलं, लघवी कमी झाली, तर टॉवेलचे प्रयोग करत न बसता दवाखाना गाठायचा.

आता खरा अडचणीचा प्रश्न: पाणी. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांआड येतो. त्या दिवशी अख्खी बिल्डिंग पहाटे उठून बॅरल भरत असते, आणि असले सगळे सल्ले त्याच जिन्यात एकमेकांना दिले जातात. ‘एवढं पाणी कूलरला घालता तुम्ही?’ हा प्रश्न मला तिथेच आला. मी घरी येऊन आकडेमोड केली. एसीचा ‘टन’ म्हणजे वजन नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना ज्या गतीनं उष्णता शोषेल ती गती, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो. तेवढंच काम पाणी उडवून करायचं तर तासाला जवळपास आठ लिटर पाणी लागतं. त्यात कूलरचा बराच गारवा उघड्या खिडकीतून निघून जातो. आठ तासांच्या रात्रीला तीन-चार बादल्या सहज जातात. टँकरची वाट बघणाऱ्या घराला हा खर्च थोडा नाही.

पण एसीही कोरडा नसतो. दीड टनाचा एसी भरात असताना तासाला सुमारे दीड युनिट वीज खातो, कूलर त्याच्या एक दशांश-अष्टमांश. औष्णिक वीज केंद्रात प्रत्येक युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी खर्ची पडतं, आणि त्यातलं बहुतेक शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन उडतं. म्हणजे तिथेही एक भलामोठा कूलरच चालू असतो. सोलापूरजवळ फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे. त्याला पाणी येतं उजनी धरणातून, आणि आपल्या नळालाही बरंचसं उजनीतूनच. आपल्या घरची वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, सगळी वीज एका जाळ्यात मिसळते. पण एसीवाल्यांनी कूलरवाल्यांकडे पाणी उधळणारे म्हणून बघण्यात अर्थ नाही. त्यांचं पाणी दुसऱ्या तालुक्यात उडतं, एवढंच.

‘आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला घाला’ हा सल्ला जिन्यात हमखास मिळतो. घालता येतं. पण त्या पाण्यात क्षार आधीच जास्त झालेले असतात, आणि कूलर फक्त शुद्ध पाणी उडवतो, क्षार टाकीतच साठत जातात. आम्ही महिनाभर नुसतं आरओचं पाणी घातलं, तर गवत चुन्यानं माखल्यासारखं कडक झालं आणि मोटरची नळी चोंदली. आता अर्धं-अर्धं घालतो आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करतो. ते पाणी संडासात जातं.

ही रिकामी करण्याची गोष्ट क्षारांपेक्षा डासांसाठी जास्त महत्त्वाची. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. तिथे ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. टाकीच्या कडा काथ्यानं घासाव्याच लागतात. नळाच्या बॅरललाही तोच नियम, आणि वर घट्ट झाकण किंवा बांधलेलं कापड. घरात ही घासणी रविवारी असते आणि ती नवऱ्याकडे आहे. त्याच्या मते एसी घ्यायला हवा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग दाटतात, पाऊस येत नाही. पारा ३८ वर उतरतो आणि तरीही जीव मे महिन्यापेक्षा जास्त घाबरा होतो. यंदा मोठ्यानं दोन्ही थर्मामीटर पुन्हा टांगले. अंतर नऊवर आलं होतं. तो आकडा वहीत लिहीत होता तोवर सासूबाईंनी फडकं उघडून भाकरी मोडायला घेतली. ती वाकली. त्यांनी काही न बोलता उठून कूलरची पाण्याची मोटर बंद केली आणि नुसता पंखा चालू ठेवला.