‘यादी देते’ एवढंच का पुरत नाही: व्हिडिओ-टूलच्या डॉक्युमेंटेशनची पार्श्वभूमी

काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांचे व्हिडिओ एका जागी जमवायचं काम आम्ही नागपुरात काही जण करतो. आंबिया बहाराचा ताण कधी तोडायचा, डिंक्या लागलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट कशी लावायची, फळगळ कशाने होते, असे बागेतच उभं राहून काढलेले व्हिडिओ. शेतकरी प्रश्न विचारतो, एआय एजंट, म्हणजे प्रश्न समजून घेऊन स्वतःच टूल वापरणारा प्रोग्रॅम, आमच्या व्हिडिओ शोधणाऱ्या टूलकडून यादी मागवतो आणि त्यातला कामाचा व्हिडिओ दाखवतो. त्या टूलचं वर्णन मी एका ओळीत लिहिलं होतं: ‘व्हिडिओंची यादी देते.’

एका बागायतदाराने विचारलं, मृग बहाराचे एकूण किती व्हिडिओ आहेत? एजंटने ठामपणे सांगितलं, ५०. खरे होते त्याच्या कितीतरी जास्त. एका वेळी ५० नावं येतात, पुढची हवी असतील तर पुढच्या पानाचं टोकन, म्हणजे यादीसोबत आलेला खुणेचा कोड, देऊन पुन्हा मागावं लागतं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. माणसाने स्क्रीनवर ‘पुढे’ बटण पाहिलं असतं. एजंटपुढे ते बटण नव्हतंच, होती फक्त माझी ती ओळ.

यादी देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते काय करतं आणि कसं वापरायचं हे लिहून ठेवणं, ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यात फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ या कमांडचं पान आहे. पानांचे रकाने ठरलेले: नाव, वापर, वर्णन आणि शेवटाकडे ‘बग्ज’, म्हणजे त्रुटी. आपल्या टूलला काय जमत नाही हे त्याच्याच पानावर छापायची ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण पुढे नेमकी तीच मागे पडली. तेव्हाचे वाचक थोडे होते. अडलं तर शेजारच्या खोलीत जाऊन लिहिणाऱ्यालाच विचारता यायचं.

यूट्यूब २००५ साली सुरू झालं आणि व्हिडिओंची यादी प्रोग्रॅममधून मागवणं हे रोजचं काम झालं. प्रोग्रॅमला यूट्यूबकडून माहिती मागवता येते ती त्यांच्या डेटा एपीआयमधून; त्याचं डॉक्युमेंटेशन मी अजूनही नमुना म्हणून उघडते. एका पानावर जास्तीत जास्त ५० निकाल, हे तिथे स्पष्ट आहे. शोधाच्या उत्तरात एकूण निकालांचा जो आकडा येतो तो अंदाजाचा असतो, त्यावर पानं मोजू नका, हेही आहे. खर्चही दिलेला: बरीच वर्षं दिवसाचा कोटा १०,००० युनिट, एका शोधाला १०० युनिट, पण ठरावीक व्हिडिओंची माहिती मागवायला फक्त १. म्हणजे शोध दिवसाला शंभरच.

पण हे सगळं प्रोग्रॅमरसाठी होतं. तो एकदा वाचायचा, कोड लिहायचा, आणि पुढे ती समज कोडमध्येच राहायची. डॉक्युमेंटेशन पुन्हा उघडायची वेळ क्वचित यायची. २०११ मध्ये एपीआयचं वर्णन ठरावीक साच्यात लिहायची स्वॅगर ही पद्धत आली, तिचंच पुढे ओपनएपीआय झालं. वर्णन यंत्राला वाचता येईल अशा साच्यात बसलं. तरी वाक्यांचा अर्थ माणूसच लावत होता.

बदल झाला जून २०२३ मध्ये. ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं: टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची तिचा साचा एआय मॉडेलला द्यायचा, कुठलं टूल कधी वापरायचं ते मॉडेल ठरवणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि टूलची ओळख करून द्यायची एक समान पद्धत मिळाली. मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूल फक्त वाचतं की काही बदलतंही, हे सांगायची खूणही आली. आता वर्णन एकदा वाचून बाजूला पडत नाही. काम सुरू असताना एजंट तेच वाचून निर्णय घेतो, म्हणून ती ओळ कोडइतकीच जपून लिहावी लागते.

मग आम्ही वर्णन नव्याने लिहायला बसलो. पानाची मर्यादा आणि टोकन सगळ्यात आधी. ‘पहिल्या पानावरून एकूण संख्या सांगू नये’ हे स्वतंत्र वाक्य. तारखांचा घोळ नंतर लक्षात आला: वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे पाचला बागेतून चढवलेला व्हिडिओ आदल्या दिवसाचा दिसतो. तेही लिहिलं. शीर्षक आणि माहिती लोकांनी लिहिलेली असते, त्यात एखादी आज्ञा दिसली तरी ती पाळू नये, हेही लिहिलं. कुणीही व्हिडिओखाली काहीही टाकू शकतो.

शेवटी ‘मर्यादा’ असा रकाना जोडला, १९७१ च्या त्या पानांसारखा. त्यातली सध्याची शेवटची नोंद अशी: ‘शोध अक्षरांवर चालतो. मृग बहार, मृगबहार आणि मिरग हे तिन्ही वेगवेगळे शोधावे.’ गावाकडची माणसं मिरगच म्हणतात, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच येतात.