'४.८ मीटरच्या लाटा' आणि मुंबईच्या जुन्या सागरी नकाशातलं शून्य

पावसाळा तोंडावर आला की बातम्या सुरू होतात: 'उद्या दुपारी मुंबईच्या समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.' मग मरीन ड्राइव्हवर गर्दी जमते. कधी वारा जोरात असतो, लाटा कठड्यावरून उडतात आणि बातमी खरी वाटते. कधी वारा पडलेला असतो, पाणी काठोकाठ भरून शांत उभं राहतं आणि लोक हिरमुसून परततात. दोन्ही दिवशी समुद्राने वेळापत्रकातला आपला शब्द पाळलेलाच असतो, कारण ४.८ मीटर ही लाटेची उंची नाहीच. ती भरतीची उंची आहे. लाट काही सेकंदांत येते आणि जाते, तिची उंची वाऱ्यावर ठरते आणि तिचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वेगळा देते. भरतीचं पाणी मात्र सहा तास चढतं, सहा तास उतरतं, आणि त्याचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून तयार असतं.

पण '४.८ मीटर' म्हणजे कुठून मोजलेले? समुद्राच्या तळापासून नाही, रस्त्यापासून नाही, आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवर जी 'समुद्रसपाटी' लिहिलेली असते तिच्यापासूनही नाही. ज्या शून्यापासून हा आकडा मोजतात ते शून्य शहरात कुठेच दिसत नाही. ते सागरी नकाशात असतं. म्हणून आज मुंबई बंदराच्या जुन्या सागरी नकाशाबद्दल लिहितो आहे.

एकोणिसाव्या शतकातला मुंबई बंदराचा सागरी नकाशा पहिल्यांदा पाहणारा माणूस गोंधळतो, कारण त्यात जमीन जवळपास कोरी असते. जहाजावरून जे दिसेल तेवढंच जमिनीवर काढायचं: एखादा मनोरा, दीपगृह, टेकडीचा माथा. सगळी दाटी समुद्रात. कुलाब्याच्या दक्षिणेला प्राँग्ज रीफचा खडक, आत शिरल्यावर संक रॉक, ऑयस्टर रॉक, मिडल ग्राउंड, पुढे बुचर आयलंड आणि घारापुरी, पलीकडे करंजा. या सगळ्यांच्या मधे मुंग्यांसारखे पसरलेले बारीक आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागची पाण्याची खोली, फॅदममध्ये. एक फॅदम म्हणजे ६ फूट, सुमारे १.८ मीटर, आपले कोळी ज्याला वाव म्हणतात तेच हे माप, दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढी दोरी.

आकड्यांच्या शेजारी कुठे कुठे एखादं अक्षर असतं. ते तळाची जात सांगतं: चिखल, वाळू की खडक. खोली मोजायला दोरीला शिशाचं लांबट वजन बांधून पाण्यात सोडत. त्या वजनाच्या बुडाला एक खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वजन वर ओढलं की चरबीला चिकटलेला चिखल किंवा वाळू पाहून तळ ओळखायचा. चरबी स्वच्छ आली, वर तिच्यावर खाच उमटली, तर खाली खडक. एवढ्या साध्या साधनाने, होडीत उभं राहून, एकेक आकडा मिळवलेला आहे. किनाऱ्यालगतच्या काही आकड्यांखाली रेघ ओढलेली दिसते. ती खोली नव्हे, उंची. हा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि शून्याच्या इतका वर असतो, असा तिचा अर्थ.

इथेच खरी अडचण सुरू होते. सकाळी भरतीला एका जागी दोरी टाकली आणि ९ मीटर खोली मिळाली. उधाणाच्या दिवशी दुपारनंतर त्याच जागी पुन्हा टाकली तर ५ मीटर मिळू शकते. नकाशावर कोणता आकडा लिहायचा? यावर उपाय असा की होडी खोली मोजत असताना किनाऱ्यावर फूट-इंचांच्या खुणा केलेला एक खांब पाण्यात उभा करायचा आणि तिथे बसलेल्या माणसाने घड्याळ पाहून ठरावीक अंतराने पाण्याची पातळी टिपत राहायचं. संध्याकाळी दोन्ही वह्या एकत्र आणायच्या. १० वाजून ४० मिनिटांनी होडीत जी खोली मिळाली, तिच्यातून त्याच मिनिटाला खांबावर असलेलं पाणी वजा करायचं. उरेल ते नकाशावर. म्हणजे जुन्या नकाशावरचा एकही आकडा कोणी समुद्रात प्रत्यक्ष मोजलेला नाही. प्रत्येक आकडा वजाबाकीचं उत्तर आहे.

खांबाचं शून्य कुठे धरायचं, हा यातला कळीचा प्रश्न. समुद्राची सरासरी पातळी धरली तर निम्मा वेळ पाणी नकाशात लिहिलंय त्याहून कमी असेल आणि जहाज चिखलात रुतेल. म्हणून नकाशाचं शून्य मुद्दाम खाली ठेवतात, इतकं खाली की पाणी सहसा त्याच्याही खाली जाऊ नये. आधीचे सर्वेक्षक उधाणाच्या ओहोट्या पाहून ही पातळी ठरवत. पुढे जॉर्ज डार्विन यांनी (चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव, भरती-ओहोटीच्या गणितातलं मोठं नाव) भारतातल्या बंदरांसाठी हिशेबाने एक पातळी सुचवली: 'इंडियन स्प्रिंग लो वॉटर'. हा हिशेब मला फार आवडतो, कारण बातमीतला ४.८ हा आकडा त्यातूनच उलगडतो.

भरतीचा अंदाज बांधताना समुद्राची हालचाल अनेक लयींची बेरीज आहे असं मानतात. प्रत्येक लयीचा काळ आकाशातल्या गतीने ठरतो, म्हणून तो पक्का. प्रत्येक लयीची उंची मात्र किनाऱ्याच्या आकाराने ठरते, म्हणून ती त्या त्या बंदरात मोजावीच लागते. मुंबईसाठी चार मोठ्या लयी पुरतात. पहिली चंद्राची, काळ १२ तास २५ मिनिटं, मुंबईत उंची साधारण १.२ मीटर. दुसरी सूर्याची, काळ बरोबर १२ तास, उंची साधारण ०.५ मीटर. उरलेल्या दोन दिवसातून एकदाच येणाऱ्या: एक २३ तास ५६ मिनिटांची, साधारण ०.४ मीटर, आणि दुसरी २५ तास ४९ मिनिटांची, साधारण ०.२ मीटर. उंची म्हणजे सरासरी पातळीच्या तितकं वर आणि तितकंच खाली.

आता बेरीज करू. चंद्राची लय सूर्याच्या लयीपेक्षा रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडते. एक जण दर १२ सेकंदांनी आणि दुसरा त्याहून किंचित उशिरा टाळी वाजवत असेल, तर अधूनमधून दोघांच्या टाळ्या एकाच क्षणी पडतात. तसं इथे दर पावणेपंधरा दिवसांनी घडतं. ती अमावस्या आणि पौर्णिमेची उधाणाची भरती. तेव्हा १.२ आणि ०.५ मिळून १.७. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास एकाची भरती आणि दुसऱ्याची ओहोटी एका वेळी येते, १.२ मधून ०.५ वजा होतात, आणि भांगाची भरती मिळते. अपोलो बंदरला समुद्राची सरासरी पातळी नकाशाच्या शून्याच्या वर सुमारे २.५ मीटर आहे. त्यात १.७ मिळवले की ४.२. दिवसातून एकदा येणाऱ्या दोन्ही लयींनीही त्याच वेळी माथा गाठला तर आणखी ०.६. झाले ४.८!

आणि उलट्या दिशेने चारही लयी एकदम तळाला गेल्या तर २.५ वजा २.३, म्हणजे शून्याला जवळपास टेकलेलं पाणी. डार्विन यांची पातळी हीच: सरासरीतून या चार लयींच्या उंचीची बेरीज वजा करा. मी इथे दशांशाच्या पहिल्या घरातले ढोबळ आकडे घेतले आहेत, तरी हिशेब कसा बसतो पाहा. नकाशातला खोलीचा आकडा या शून्यापासून खाली मोजलेला आणि बातमीतला भरतीचा आकडा याच शून्यापासून वर मोजलेला. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या क्षणी जहाजाखालचं पाणी. नकाशात ३ मीटर आणि वेळापत्रकात ४ मीटर असेल तर प्रत्यक्षात ७ मीटर.

२३ तास ५६ मिनिटांच्या लयीबद्दल आणखी थोडं. ती घड्याळाच्या मानाने रोज ४ मिनिटं लवकर येते. सहा महिन्यांत ही तूट १२ तासांची होते. त्यामुळे मुंबईत जून ते ऑगस्टमध्ये सर्वांत मोठ्या भरत्या दुपारी येतात आणि डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्री. हिवाळ्यातल्या रात्रीची भरतीही तितकीच मोठी असू शकते. तेव्हा पाऊस नसतो, बघायला माणूस नसतो, म्हणून तिची बातमी होत नाही.

जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात भरतीची आणखी एक नोंद असते. अमावस्या-पौर्णिमेला भरती किती वाजता येते, ते रोमन आकड्यांत लिहिलेलं. मुंबईसाठी ही वेळ साडेअकरा ते बाराच्या दरम्यानची. तेव्हाचं घड्याळ मुंबईच्या स्थानिक वेळेचं, आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, हे ध्यानात धरायचं. कोकणातल्या नाखव्याला हा कोपरा वाचायची गरज नव्हती. त्याच्याकडे तिथीचा हिशेब होता आणि आजही आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. तृतीयेला सव्वादोन.

हा हिशेब पंचांगातल्या चंद्रावर उभा आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे, फक्त ढोबळ आहे. १५ तिथींत भरती १२ तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. म्हणून पंधरवड्याच्या अखेरीस घोळ दिसतो: पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण. शिवाय समुद्र रोज सारखं अंतर सरकतच नाही. उधाणाच्या आसपास सूर्याची लय भरतीचा माथा आपल्याकडे ओढून धरते, तेव्हा मुंबईत भरती रोज जेमतेम ३५-४० मिनिटं पुढे जाते. भांगाच्या दिवसांत तीच उडी सव्वा तासाच्याही वर जाते. मधल्या तिथींना म्हणूनच पाऊणपटीचं उत्तर तासाभराने चुकू शकतं. मासेमारीच्या होडीला एवढी चूक चालते.

मोठ्या गोदीला ती चालत नाही. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. अशा गोदीचे दरवाजे भरतीच्या आसपास उघडायचे, जहाजं आत-बाहेर करायची आणि ओहोटी लागण्याआधी दरवाजे लावून पाणी आत कोंडायचं. वेळ चुकली की जहाज पुढच्या भरतीपर्यंत बाहेर ताटकळणार. अपोलो बंदरच्या पाणीपातळीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत आणि १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांसाठी खास एक यंत्र लंडनमध्ये तयार झालं. लॉर्ड केल्विन यांच्या कल्पनेवर एडवर्ड रॉबर्ट्स यांनी ते रचलं. प्रत्येक लयीसाठी एक चाक आणि कप्पी, अशा वीसेक लयी, आणि सगळ्या कप्प्यांवरून फिरणारी एकच तार. हँडल फिरवलं की चाकं आपापल्या गतीने वर-खाली होत, तार त्यांची बेरीज करी आणि टोकाची लेखणी कागदावर वर्षभराची भरती-ओहोटी काढत जाई. संगणक यायच्या कितीतरी आधी पितळी चाकांनी केलेली ही बेरीज आहे. आज हे भाकीत भारतीय सर्वेक्षण विभाग करतो आणि सागरी नकाशे नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. समुद्रापासून इतक्या दूरच्या डेहराडूनमधूनच ही दोन्ही कामं होतात.

चंद्राने समुद्र हलतो हे खरं, म्हणून 'माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी, त्यालाही पौर्णिमेला भरती येते' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात आणि त्यावर उपवासापासून शस्त्रक्रियेच्या मुहूर्तापर्यंत काहीही उभारतात. हे साफ चूक आहे. चंद्राच्या नुसत्या ओढीने भरती येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या बाजूची ओढ आणि दूरच्या बाजूची ओढ यांतल्या फरकाने ती येते, आणि हा फरक जाणवायला पृथ्वीएवढा हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. पावणेदोन मीटरच्या माणसात डोकं आणि पाय यांच्यामधला तो फरक कोणत्याही उपकरणात सापडणार नाही इतका क्षुद्र असतो. तळ्याला भरती येत नाही, विहिरीच्या पाण्यालाही डोळ्यांना दिसेल अशी येत नाही, मग रक्ताला कुठून येणार?

दुसरा घोटाळा हल्ली फार वाढलाय, तो नकाशांचा. जमिनीच्या नकाशातली उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात, आणि भरतीचा आकडा त्याहून अडीच मीटर खालच्या शून्यापासून. कोणी ४.८ मीटरची रेघ थेट जमिनीच्या नकाशावर ओढून 'इथवर मुंबई बुडणार' असं चित्र फिरवतं, तेव्हा ते चित्र अडीच मीटरने चुकलेलं असतं. मुंबईत तर महापालिकेच्या जुन्या कामांत टाऊन हॉलच्या संदर्भाने धरलेली तिसरीच पातळी भेटते. समुद्र वाढतो आहे, ती काळजी अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी काढलेल्या नकाशांत शून्याची चूक खपवून घेता कामा नये.

४.८ मीटरच्या दिवशी खरी भीती कशाची, तेही या हिशेबातूनच कळतं. सरासरीच्या २ मीटर वर असलेलं नाल्याचं तोंड म्हणजे नकाशाच्या शून्यापासून ४.५ मीटर. भरती त्याच्या वर गेली की पावसाचं पाणी समुद्रात जायचं थांबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. शहरात साचलेलं पाणी समुद्रातून आलेलं नव्हतं. ते आभाळातून पडलेलं होतं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून पावसाळ्यात वेळापत्रक पाहताना भरतीच्या आकड्याइतकीच तिची वेळ पाहा, आणि त्या वेळेच्या आगेमागे दोन तास मुसळधार पावसाचा इशारा असेल तर सखल भागातून गाडी काढू नका.