वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली स्क्रीनची मांडणी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, म्हणजे खेळणाऱ्यांचं वॉव, हा ब्लिझार्डचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि स्क्रीनवरची बटणं, हेल्थ बार, नकाशा हे सगळं आपल्या सोयीने हलवायची मुभा त्यात सुरुवातीपासून अ‍ॅडऑनमुळे, म्हणजे खेळाला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममुळे, आहे. यालाच यूआय (यूझर इंटरफेस) सेट करणं म्हणतात.

लोकांना वाटतं हे नुसतं सजावटीचं काम, पण तसं अजिबात नाही. जुन्या मांडणीत स्वतःची हेल्थ वर डाव्या कोपऱ्यात, मिनिमॅप उजव्या कोपऱ्यात, अ‍ॅक्शन बार (स्पेल म्हणजे मंत्रांच्या बटणांची पट्टी) पार खाली. फाईट चालू असताना नजर ठेवावी लागते आपल्या पात्राच्या पायाशी, कारण बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आग नाहीतर विष तिथेच टाकतो, आणि कूलडाऊन (स्पेल पुन्हा वापरता येईपर्यंतची वेळ) संपला का बघायला डोळे खाली गेले की तेवढ्यात माणूस मेलेला असतो. म्हणून जाणते लोक महत्त्वाच्या गोष्टी पात्राच्या आजूबाजूला आणतात आणि बाकीचं लपवतात. हीलरला, म्हणजे बाकीच्यांची हेल्थ भरून देणाऱ्याला, तर हे करावंच लागतं, मिथिक रेडमध्ये (सगळ्यात अवघड सामूहिक मोहिमेत) वीस जणांचे बार एकदम बघायचे असतात, म्हणून त्या बारांचा अख्खा चौकोन पात्राच्या जरा खाली आणून ठेवायचा आणि हीलबॉटसारखं अ‍ॅडऑन लावून बारवर थेट क्लिक करायचं, डावं क्लिक एक स्पेल, शिफ्ट धरून दुसरा.

अ‍ॅडऑन लुआ आणि एक्सएमएल या कोडच्या भाषांमध्ये लिहितात. बारटेंडर फक्त अ‍ॅक्शन बार सांभाळतं, एल्व्हयूआय अख्खी स्क्रीनच बदलून टाकतं. नवख्याने एकदम एल्व्हयूआय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी दोन-तीन गोष्टी हलवून बघाव्यात, /reload टाईप करून स्क्रीन पुन्हा लोड करावी, एखाद्या डंजनमध्ये (छोट्या गटाच्या मोहिमेत) जाऊन खेळावं आणि मग पुढचं.

अ‍ॅडऑनने किती करावं यावर मात्र कायम ओढाताण राहिली आहे. पूर्वी डिकर्सिव्ह नावाचं अ‍ॅडऑन होतं, एकच बटण दाबत राहायचं, कुणाला शाप लागलाय आणि कुठला स्पेल टाकायचा हे तेच ठरवायचं. डिसेंबर २००६ च्या २.० पॅचने (खेळाच्या अपडेटने) हे बंद केलं. तेव्हापासून कोड स्वतःहून स्पेल टाकू शकत नाही आणि लढाई चालू असताना अ‍ॅडऑनला अ‍ॅक्शन बटणं हलवताही येत नाहीत. हे बरोबरच झालं, कारण दाखवणं वेगळं आणि खेळणाऱ्याच्या ऐवजी ठरवणं वेगळं. २००९ मध्ये अ‍ॅडऑन फुकटच द्यायचं, कोड उघडा ठेवायचा असेही नियम आले. २०२५ मध्ये ब्लिझार्डने मिडनाइट एक्सपान्शनसाठी (खेळाच्या नव्या मोठ्या भागासाठी) आणखी कडक धोरण जाहीर केलं, लढाईतली माहिती वाचून अ‍ॅडऑनने त्यावर हिशोब करणं बऱ्याच अंशी बंद, पण बार कुठे ठेवायचा आणि कसा दिसायचा ही मुभा कायम.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, ड्रॅगनफ्लाइट एक्सपान्शनच्या आधीच्या पॅचमध्ये, गेममध्येच एडिट मोड आला. एस्केप दाबून मेनूतून तो उघडायचा, चौकटी माउसने ओढायच्या, लेआउटला नाव देऊन सेव्ह करायचं, आणि मित्राला द्यायचं असेल तर अक्षरांची एक लांबलचक ओळ कॉपी करून पाठवली की त्याच्याकडे तोच लेआउट येतो. हे लेआउट सर्व्हरवर राहतात. अ‍ॅडऑनची सेटिंग्ज मात्र आपल्याच कॉम्प्युटरवर डब्ल्यूटीएफ नावाच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे नवीन मशीन घेतलं तर तो आणि इंटरफेस असे दोन्ही फोल्डर आधी कॉपी करून घ्यावेत.