'लिपोडिस्ट्रॉफी': एका नावाखाली दोन बिघाड

एचआयव्हीसोबत येणारे चयापचयाचे बिघाड औषधांपेक्षा जुने आहेत. उपचार न घेतलेल्यांतही ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेले, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) उतरलेले सापडे. पण शरीरच झिजत असताना त्याची काळजी कोण करणार?

1996 च्या सुमारास प्रोटीएज इनहिबिटरसह (विषाणूचे प्रोटीएज हे एन्झाइम अडवणारे औषध) तीन औषधांचा उपचार रुळला. दोन वर्षांतच बसलेले गाल, हातापायांवर उठून दिसणाऱ्या शिरा, पुढे आलेले पोट, मानेमागे चरबीचा उंचवटा आणि वाढलेली साखर दिसू लागली. सगळ्याला 'लिपोडिस्ट्रॉफी' हे एकच नाव पडले, खापर प्रोटीएज इनहिबिटरवर फुटले.

घोळ इथेच झाला. झडते ती त्वचेखालची चरबी, आणि तिचे मुख्य कारण त्याच उपचारातली दुसऱ्या गटाची औषधे: स्टॅव्ह्युडीन, त्याखालोखाल झिडोव्ह्युडीन. ही औषधे विषाणूच्या एन्झाइमसोबत आपल्या पेशीतल्या पॉलिमरेज गॅमा या एन्झाइमलाही अडवतात. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा) डीएनए घटतो, चरबीच्या पेशी मरतात. पोटात साचणाऱ्या चरबीची वाट निराळी, मात्र एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. नाव एक असल्याने प्रोटीएज इनहिबिटर बदलला जाई, स्टॅव्ह्युडीन तसेच राही आणि गाल काही भरत नसत. स्टॅव्ह्युडीन स्वस्त होते, झिडोव्ह्युडीनसारखे रक्त कमी करत नव्हते, म्हणून टिकले. 2007 मध्ये 40 ऐवजी सर्वांना 30 मिलिग्रॅम, 2009 अखेरीस टप्प्याटप्प्याने बंद, अशा जागतिक शिफारशी आल्या. फार उशिरा. औषध बदलल्यावरही गेलेली चरबी संथपणे, बहुधा अर्धीमुर्धीच परतते.

दुष्परिणाम टाळायला एचआयव्हीच्या औषधांना अधूनमधून सुट्टी द्यावी हा हिशोब 2006 च्या मोठ्या चाचणीत फसला: सुट्टी घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, हृदय-मूत्रपिंड-यकृताचे गंभीर आजारही.

आताचा वाद डोल्युटेग्राव्हिर या नव्या एचआयव्ही औषधावरच्या वजनवाढीचा. 2019 च्या एका चाचणीत 48 आठवड्यांत डोल्युटेग्राव्हिर टेनोफोव्हिर अ‍ॅलाफेनामाइडसोबत (टेनोफोव्हिर या जोडीच्या औषधाचे नवे रूप) घेणाऱ्यांत सुमारे 6 किलो, जुन्या टेनोफोव्हिरसोबत 3 किलो वाढ दिसली. डोल्युटेग्राव्हिरऐवजी इफाव्हिरेंझ हे जुने औषध घेणाऱ्या गटात 2 किलोहून कमी. यातला काही फरक इफाव्हिरेंझ आणि जुने टेनोफोव्हिर वजन दाबून धरतात म्हणूनही असावा. 'तब्येत भरून आली' एवढेच म्हणून हे सोडून देणे मात्र पटत नाही.

2023 मध्ये एचआयव्ही असलेल्यांत रोज 4 मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणारे एक स्टॅटिन) हृदयविकाराच्या मोठ्या घटना 35 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रिटोनाव्हिर हा प्रोटीएज इनहिबिटर चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन हे दुसरे स्टॅटिन वर्ज्य: रक्तात सिम्व्हास्टॅटिनची पातळी कैकपट चढते, स्नायू विरघळू लागतात. डोल्युटेग्राव्हिर मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची पातळी वाढवते, म्हणून मेटफॉर्मिनला दिवसाला 1000 मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) या रुग्णांत खऱ्या साखरेपेक्षा कमी येऊ शकते, विशेषतः अबाकाव्हिर या एचआयव्ही औषधावर. निदान उपाशीपोटीच्या साखरेवर ठरवलेले बरे.